सैल दंड आणि लांब वण: मोठे वजन उतरल्यानंतरच्या शस्त्रक्रिया

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवणे ही वर्ष-दीड वर्षाची तपश्चर्या असते. कुणी पोटाची बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, कुणी औषधांचा आधार घेतलेला असतो, कुणी निव्वळ आहार आणि व्यायामावर निभावलेले असते. साखर ताब्यात येते, गुडघ्यांची कुरकुर थांबते, जिना चढताना धाप लागत नाही. मग नवा ब्लाऊज शिवायला टाकला की अडचण समोर येते. छातीचे माप चांगलेच उतरलेले असते, दंडाचे मात्र त्या मानाने थोडेच. बाही दंडाला बेतली तर खांद्यावर ढिली पडते आणि खांद्याला बेतली तर दंडात शिरत नाही. पुरुषही हाफ शर्ट घालायचे सोडून देतात. हात आडवा केला की दंडाखाली कातडीची झोळी लोंबते, चालताना ती बरगडीला घासते, उन्हाळ्यात काखेजवळच्या घडीत घाम साचून घामोळे किंवा नायटा उठतो.

या त्रासाला नटण्यामुरडण्याची हौस म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. एवढी मेहनत केल्यावर स्वतःचे शरीर आपलेसे वाटावे, ही साधी माणुसकीची अपेक्षा आहे. त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय उपलब्ध आहे आणि तो चांगला आहे. पण तो एक सौदा आहे. सैल कातडी द्यायची आणि तिच्या बदल्यात वण घ्यायचा. जितकी जास्त कातडी काढायची, तितका वण लांब. हा हिशेब आधी नीट समजला तर नंतर पश्चात्तापाची वेळ सहसा येत नाही. म्हणून पुढचे सगळे पर्याय याच हिशेबाने मांडले आहेत.

कातडी मागे का राहते

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. कोलॅजन त्वचेला बळकटी देते आणि इलॅस्टिन ताणल्यावर तिला पुन्हा मूळ जागी आणते. बरीच वर्षे चरबीचा ताण राहिला की हे तंतू विरळ होतात, तुटतात. जुन्या पायजम्याची नाडी काढून घेतली तरी कापडाच्या चुण्या जात नाहीत, तसे होते. आतली चरबी गेली तरी वरची कातडी आवळत नाही.

दंडात याच्या जोडीला आणखी एक कारण आहे. त्वचेखाली चरबीला धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो. दंडाच्या मागच्या बाजूचा हा पडदा काखेतल्या घट्ट पडद्याला टांगलेला असतो. अमेरिकन सर्जन टेड लॉकवूड यांनी १९९५ साली मांडले, की वय आणि वजनातील चढउतारांमुळे ही टांगणी सैल होते आणि दंडाची मागची बाजू झोळीसारखी खाली उतरते. म्हणून नुसती कातडी कापून भागत नाही. आतला पडदा पुन्हा वर बांधावा लागतो. आजच्या बऱ्याच पद्धती या कल्पनेवर उभ्या आहेत.

कातडी किती सैल राहील हे वय, वजन किती वर्षे जास्त होते, एकूण किती किलो उतरले, धूम्रपान, उन्हाचा मारा आणि आनुवंशिकता यांवर ठरते. पंचविशीतल्या मुलीने वीस किलो उतरवले तर तिची कातडी बरीचशी आपोआप आवळू शकते. पन्नाशीत साठ किलो उतरवणाऱ्याची आवळत नाही. यात कुणाचाही दोष नाही.

व्यायाम, मलम आणि मशीन

डंबेल उचलल्याने दंडाचे स्नायू भरतात आणि थोडी पोकळी भरून येते. तेवढ्यासाठी व्यायाम अवश्य करावा. पण स्नायूचा व्यायाम वरच्या कातडीचे क्षेत्रफळ कमी करत नाही. बाजारातली घट्ट करणारी मलमे त्वचा मऊ ठेवतात, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. रेडिओफ्रिक्वेन्सीसारख्या उष्णतेच्या उपचारांनी थोडीशी सैल त्वचा काही प्रमाणात आवळते. ज्याची कातडी मुठीत धरता येईल इतकी लोंबते, त्याला त्यातून मनासारखा फरक मिळत नाही. पाच-सहा बैठकींचे पैसे भरण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्यावे.

सर्जन दंड कसा तपासतात

हात खांद्याच्या रेषेत आडवा करायला आणि कोपर काटकोनात वाकवायला सांगतात. मग दंडाच्या आतल्या बाजूला स्नायूंमधल्या खाचेपासून लोंबणाऱ्या कातडीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजतात. चिमटीत धरून कातडी किती आणि चरबी किती हे पाहतात. सैलपणा फक्त काखेजवळ आहे, कोपरापर्यंत गेला आहे, की काख ओलांडून छातीच्या कडेवर उतरला आहे, हेही बघतात.

मोठ्या वजनघटीनंतर शरीराच्या वेगवेगळ्या भागांचे मूल्यमापन करण्यासाठी २००५ साली पिट्सबर्ग रेटिंग स्केल प्रसिद्ध झाले. त्यात शरीराचे दहा भाग धरले आहेत आणि प्रत्येकाला ० ते ३ अशी श्रेणी दिली जाते. दंड हा त्यातला एक भाग. अशा मोजपट्टीचा फायदा असा, की उपाय ‘मनाला बरा वाटला म्हणून’ न ठरता मापावर ठरतो. तुमच्या दंडात चरबी जास्त की कातडी जास्त, या एका प्रश्नावर पुढची सारी निवड अवलंबून असते.

पर्याय पहिला: फक्त लायपोसक्शन

कातडीत अजून ताण शिल्लक आहे पण चरबी जास्त आहे, अशा दंडासाठी हा पर्याय. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८०च्या दशकात ट्युमेसंट तंत्र आणले. त्यात पातळ केलेले लिडोकेन आणि ॲड्रेनलिन मिसळलेले भरपूर द्रावण चरबीत सोडतात. त्याने भाग बधिर होतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तस्राव खूप कमी होतो. मग बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेतात. वण जेमतेम काही मिलिमीटरचे राहतात.

मोठे वजन उतरलेल्यांपैकी फार थोड्यांना एवढ्याने भागते. कातडी आधीच रिकाम्या पिशवीसारखी असेल आणि त्यातली उरलीसुरली चरबीही काढली तर ती आणखीच लोंबते. छोट्या वणाचा मोह समजण्यासारखा आहे. पण चुकीच्या दंडावर केलेले लायपोसक्शन पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेकडेच नेते, आणि खर्च दोनदा होतो.

पर्याय दुसरा: काखेतला छोटा छेद

सैलपणा दंडाच्या वरच्या एक-तृतीयांश भागापुरता असेल तर काखेच्या घडीत चंद्रकोरीच्या आकाराची कातडी काढून दंड वर ओढून घेता येतो. कधी त्याला दंडावर थोडा खाली येणारा छोटा छेद जोडतात. वण बहुतेक काखेत लपतो, बाहीच्या ब्लाऊजमध्ये तर दिसतही नाही.

या पद्धतीत कातडी फक्त लांबीच्या दिशेने वर ओढली जाते; दंडाचा घेर त्याने फारसा कमी होत नाही. त्यामुळे ज्यांचा दंड कोपरापर्यंत लोंबतो त्यांना निकाल अर्धवट वाटतो. शिवाय फार ताण देऊन ओढले तर काखेतला वण रुंदावतो. मध्यम वजनघट झालेल्या आणि त्वचा बऱ्यापैकी शाबूत असलेल्या व्यक्तीला मात्र हा सौदा फायद्याचा ठरतो.

पर्याय तिसरा: काखेपासून कोपरापर्यंत

मोठ्या वजनघटीनंतर सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया हीच. दंडाची लोंबणारी कातडी काढून त्याला आकार देण्याचे सौंदर्यशास्त्रीय वर्णन अर्जेंटिनाच्या कोरेआ-इतुरास्पे आणि फर्नांडेझ या सर्जननी १९५४ साली केले होते. तेव्हापासून तंत्र खूप सुधारले, पण गाभा तोच राहिला. काखेपासून कोपराजवळपर्यंत लांबट, होडीच्या आकाराची कातडी आणि तिच्याखालची चरबी काढायची, दोन्ही कडा जवळ आणायच्या आणि थराथराने शिवायचे. इथे कातडी घेराच्या दिशेने कमी होते, म्हणून दंड खऱ्या अर्थाने बारीक दिसतो.

आज अनेक सर्जन काढायच्या कातडीखाली आधी लायपोसक्शन करतात. त्यामुळे चरबी पोकळ होते, कातडी वरच्या वर सोलून काढता येते आणि खालच्या लसवाहिन्या, शिरा व मज्जातंतू बऱ्याच प्रमाणात जागच्या जागी राहतात. नंतरची सूज आणि पाणी साचण्याचे प्रमाण कमी ठेवण्यासाठी ही युक्ती उपयोगी पडते.

अनुभवी सर्जन सगळी आखलेली कातडी एकदम कापत नाहीत. शस्त्रक्रिया चालू असताना हाताला सूज येते आणि आखलेल्या रेषेपेक्षा कमी कातडी निघणे सुरक्षित असते. म्हणून थोडे कापायचे, जोडून बघायचे, पुन्हा थोडे कापायचे, अशा पद्धतीने पुढे जातात. कातडी जास्त निघाली तर जखम बंद करणे कठीण जाते आणि दंड आवळून टाकल्यासारखा होतो. थोडी कमी निघाली तर पुढे छोटी दुरुस्ती करता येते.

पर्याय चौथा: छातीच्या कडेपर्यंत

साठ-सत्तर किलो उतरलेल्या अनेकांची सैल कातडी काखेशी थांबत नाही. ती काख ओलांडून छातीच्या बाजूला, ब्लाऊजच्या कडेबाहेर गुंडाळी होऊन उतरते. तेव्हा दंडावरचा छेद काखेतून छातीच्या कडेवर पुढे नेतात. कोपराखालीही सैलपणा असेल तर क्वचित तो हाताच्या पुढच्या भागावरही जातो.

वण यात सर्वांत लांब असतो आणि आकारातला बदलही सर्वांत मोठा. काखेतून सरळ रेषेत जाणारा वण पुढे आखडून दोरीसारखा ताठ होऊ शकतो आणि हात वर करताना ओढ बसते. ते टाळण्यासाठी काखेत छेद सरळ न ठेवता नागमोडी किंवा झेड आकारात वळवतात. हात आखडू नये म्हणून काखेतली ही वळणे महत्त्वाची असतात, म्हणून त्यांच्याबद्दल सर्जनना जरूर विचारावे.

वण कुठे यावा

दंडावरचा वण दोन ठिकाणी ठेवता येतो. एक, आतल्या बाजूला, स्नायूंमधल्या खाचेत. हात शरीराजवळ असताना तो दिसत नाही. हात वर केला की समोरच्याला दिसतो. दुसरा, थोडा मागे, दंडाच्या मागच्या आतल्या कडेवर. तो स्वतःला आरशात दिसत नाही, पण मागून चालणाऱ्याला दिसू शकतो. दोन्हींचे समर्थक आहेत.

तुम्ही रोज काय करता, यावर निवड करावी. भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाईंचे हात सतत वर जातात. दुकानात काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या माणसाचे गिऱ्हाईक समोर असते. सर्जनना सांगून आरशासमोर मार्करने रेषा काढून घ्यावी, मोबाइलवर समोरून, मागून आणि हात वर करून फोटो काढावेत, आणि त्या रेषेकडे आठवडाभर बघावे. ती रेषा डोळ्यांना सोसत नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

वण कसा भरेल याचा अंदाज स्वतःच्या अंगावरच असतो. लहानपणी आपल्या दंडावर बीसीजीची लस टोचतात आणि तिची खूण राहते. ती खूण फुगून, खाजरी, गुलाबी गाठ झाली असेल तर केलॉइड होण्याची प्रवृत्ती आहे असे समजावे. खांदा, छाती आणि कानाच्या पाळीवर कुठे तशी गाठ असेल तर तीही सर्जनना दाखवावी. गडद त्वचेत जाड वण आणि केलॉइड तुलनेने जास्त होतात, म्हणून आपल्याकडच्या रुग्णांनी हा मुद्दा दुर्लक्षू नये.

कातडीखाली काय जपायचे असते

दंडाच्या आतल्या भागात एक मोठी वरची शीर कोपराकडून काखेकडे जाते. तिच्या सोबतीने पुढच्या हाताच्या आतल्या भागाला संवेदना देणारा मज्जातंतू धावतो. तो कोपराच्या आतल्या हाडापासून सरासरी १४ सेंटीमीटर वर खोल पडद्यातून बाहेर येऊन त्वचेजवळ येतो. ही जागा छेदाच्या वाटेवरच आहे. तो दुखावला तर हाताचा आतला भाग बधिर होतो किंवा मुंग्या येतात. क्वचित त्याच्या टोकाशी दुखरी गाठ होते. थोडा बधिरपणा अनेकांना काही महिने राहतो आणि ओसरतो; कायमचा राहिलेलाही दिसतो. त्यामुळे सर्जन मुद्दाम त्या शिरेवरची चरबीची चादर राखून ठेवतात.

याच वाटेने हाताच्या लसवाहिन्या काखेतल्या गाठींकडे जातात. त्या तुटल्या तर पाणी साचते, आणि क्वचित हाताला कायमची सूज येते. म्हणून स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढलेल्या स्त्रीने या शस्त्रक्रियेचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

केव्हा करावी

घाई केली तर पैसा आणि वण दोन्ही वाया जातात. वजन अजून उतरत असताना दंड आवळला तर सहा महिन्यांत तो पुन्हा सैल पडतो. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष ते दीड वर्ष थांबावे आणि शेवटचे तीन ते सहा महिने वजन स्थिर असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. बॉडी मास इंडेक्स तीसच्या आत असेल तर गुंतागुंत कमी होते. पुढे गरोदर राहण्याचा विचार असेल तर तेही बोलावे.

भारतात २०२५ साली टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड बाजारात आले. ही वजन उतरवणारी इंजेक्शने घेणाऱ्यांच्या पोटातून अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. भूल देताना पोटात अन्न राहिले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून औषध चालू आहे हे भूलतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच सांगावे. ते किती दिवस बंद ठेवायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

आधी अंग तयार करा

वजन उतरलेले शरीर बाहेरून सडपातळ दिसले तरी आतून कधी कधी उपाशी असते. बायपास किंवा स्लीव्ह या बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये लोह, बी-१२, फोलेट, जीवनसत्त्व ड आणि प्रथिनांची कमतरता नेहमी आढळते. जखम भरायला प्रथिने लागतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, अल्ब्युमिन, बी-१२, साखर आणि थायरॉइड तपासून घेतात.

रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने आहारात असावीत आणि जखम भरण्याच्या काळात त्याहून थोडी अधिक. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शिजवलेल्या डाळीच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात. पोट आता लहान झालेले असते, त्यामुळे ताटात आधी अंडे, मासा, पनीर किंवा उसळ यावी आणि भात-पोळी नंतर.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. निकोटिन त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि जखमेच्या कडा काळ्या पडून उसवतात. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे निकोटिन पूर्ण बंद हवे. आपल्याकडे सिगारेट न ओढणाऱ्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि तिला व्यसन समजतच नाहीत. डॉक्टरांनी ‘धूम्रपान करता का’ असे विचारले की त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्रीतही तंबाखूच असतो. गुटखा, खैनी, तपकीर सगळ्यांना हाच नियम लागू होतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

दोन्ही दंड एकाच वेळी केले जातात. शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलीत दोन ते तीन तास चालते. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी उभे करून रेषा काढतात, कारण आडवे झाल्यावर कातडीची जागा बदलते. जोडीला स्तन किंवा पाठीची दुरुस्ती करता येते. मात्र किती भाग एकत्र करायचे हे रक्ताची पातळी आणि वेळ पाहून ठरते. सगळे एकाच दिवशी उरकून टाकण्याचा आग्रह धरू नये.

टाके बहुतेक आतले आणि विरघळणारे असतात. काही सर्जन पाणी बाहेर काढण्यासाठी नळी ठेवतात आणि काही दिवसांत ती काढतात. दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवशी चालवतात.

पहिले सहा आठवडे

दोन्ही हात एकदम अडकतात, म्हणून घरात मदतीला माणूस हवेच. केस विंचरणे, वेणी घालणे, साडी नेसणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, कुकर उचलणे, यांतले काहीही पहिले पंधरा दिवस जमत नाही. आधीच कपाटातले रोजचे सामान कंबरेच्या उंचीवर आणून ठेवावे. पुढे बटणे असलेले सैल कपडे काढून ठेवावेत. डोक्यावरून घालायचे कुर्ते नकोत.

चार ते सहा आठवडे दाब देणाऱ्या बाह्या घालाव्या लागतात. झोपताना हात उशीवर थोडे उंच ठेवावेत. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहावे म्हणजे सूज उतरते. टेबलवरचे काम दोन आठवड्यांनंतर सुरू करता येते. दुचाकी सर्जननी हात पूर्ण फिरवून पाहिल्यावरच चालवावी. मुंबईत लोकलने जाणाऱ्यांनी सहा आठवडे वरची कडी धरून उभे राहू नये. गर्दीच्या वेळी प्रवास टाळता आला तर उत्तम. वजन उचलणेही सहा आठवड्यांनंतरच.

जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल लावून वण मऊ ठेवतात. उन्हापासून तो झाकावा, नाहीतर काळसर होतो. पहिले तीन-चार महिने वण लाल आणि जाड दिसतो आणि लोक याच काळात घाबरतात. तो वर्ष-दीड वर्षात फिकट आणि सपाट होत जातो. निकालाचा अंदाज त्याआधी बांधू नये.

काय बिघडू शकते

सर्वांत जास्त तक्रार वणाची असते: रुंद, जाड किंवा दोन हातांना वेगवेगळा. त्यानंतर काखेजवळ जखम थोडी उसवणे. तिथे घाम आणि हालचाल दोन्ही असल्याने ही जागा नाजूक राहते. छोटी उसवण ड्रेसिंगने भरते. त्वचेखाली पाणी साचले तर सुईने काढतात. जंतुसंसर्ग, रक्त साचणे, बधिरपणा, दोन्ही दंड सारखे न होणे या शक्यता आहेत. सैलपणा थोडा राहिला तर वर्षानंतर छोटी दुरुस्ती करावी लागते.

पुढच्या तीन खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. एका हाताला अचानक वाढणारी सूज आणि असह्य दुखणे. ताप आणि जखमेतून पू. पायाची पोटरी दुखणे किंवा श्वास लागणे. यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

खर्च आणि विमा

विमा नियामक संस्थेने २०१९ साली प्रमाणित केलेल्या वगळण्यांच्या यादीत बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेला ठरावीक अटींवर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स चाळीस किंवा त्याहून जास्त, अथवा गंभीर आजारांसह पस्तीस किंवा त्याहून जास्त असल्यास, वाट ठेवली आहे. सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी मात्र सर्वसाधारणपणे वगळली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा तातडीचा आरोग्यधोका टाळण्यासाठी वैद्यकीय गरज म्हणून केली तर अपवाद. दंडाची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा खिशातूनच करावी लागते. वारंवार होणारा नायटा आणि जखमा यांच्या नोंदी, फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञांची पत्रे असतील तर दावा मांडून बघायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून तारीख ठरवू नये.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खोली, दाबाच्या बाह्या, ड्रेसिंग आणि दुरुस्तीची गरज पडली तर तिचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असावा.

सर्जन निवडताना

एमबीबीएसनंतर शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण आणि त्यापुढे प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेल्या सर्जनची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि रक्ताची सोय हवी. ब्युटी क्लिनिकच्या खुर्चीवर ही शस्त्रक्रिया होत नाही.

भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझ्या दंडात चरबी जास्त की कातडी? वण कुठून कुठपर्यंत जाईल, माझ्या हातावर आखून दाखवाल का? काखेत छेद कसा वळवाल? मोठे वजन उतरलेल्या रुग्णांचे एक वर्षानंतरचे, हात वर केलेले फोटो दाखवाल का? उसवले तर कोण बघेल आणि किती पैसे पडतील? जो सर्जन फक्त पहिल्या महिन्याचे, हात खाली असलेले फोटो दाखवतो, त्याच्याकडे दुसरे मत घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये.

शेवटी

दंडाची शस्त्रक्रिया न करणे हाही पूर्ण मानाचा निर्णय आहे. घामाच्या घडीत कोरडी पावडर आणि सुती कपडे, नायट्यावर वेळेवर औषध, दंडात आरामात बसणारी बाही, एवढ्यावर कितीतरी माणसे सुखाने राहतात. ज्यांना त्या कातडीचे ओझे रोज जाणवते त्यांनी वजन स्थिर झाल्यावर, रक्त भरून आल्यावर आणि मिश्रीचा डबा बंद करून, आरशासमोर आखलेली ती रेषा पुन्हा एकदा बघावी. रेषा बघून मन शांत राहिले, तर पुढे जावे. वर्षभराने नवीन ब्लाऊज किंवा हाफ शर्ट शिवायला टाकाल तेव्हा दंडाचे माप कागदावर उतरलेले असेल, आणि हात वर केल्यावर दिसणारी ती लांब रेघ तुम्ही उघड्या डोळ्यांनी पत्करलेली असेल.